हाबेस, आरिया आणि आमचा मॅनेजर

ज्या माणसाने मला फुटबॉल शिकवला त्याने आयुष्यात एकच गोल केला होता, आणि तोही स्वतःच्याच जाळ्यात. हे तो लपवत नसे. उलट नवा माणूस भेटला की चहाचा पहिला घोट घेण्याआधी तो हेच सांगायचा आणि मग टेबलावर अशी थाप मारून हसायचा की कॅन्टीनमधल्या बशा वाजायच्या. "डिफेंडरने गोल करायचा नसतो," तो म्हणायचा, "गोल होऊ द्यायचा नसतो. गोल करणारे सगळे वेडे!"

ही साठच्या दशकातली गोष्ट. दुबईच्या पुढे अमिरातीचं नाव लागायचं होतं. खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला होडी, प्यायचं पाणी गाढवाच्या पाठीवरून, आणि मोठ्या इमारती म्हणाल तर त्या बांधायला आलेले आम्हीच अजून तंबूत राहत होतो. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून मला मामूंनी इथे आणलं. मामू म्हणजे आईचे थोरले भाऊ. खाडीवर धक्का बांधणाऱ्या एका विलायती कंपनीत ते क्रेनच्या टोळीचे मुकादम होते, आणि मी त्याच कंपनीत हजेरी घेणारा कारकून. वय विशीतलं, डोक्याला खोबरेल तेल आणि स्वतःबद्दल भलता गैरसमज.

मला फुटबॉल शिकवणारा हा स्कॉटिश माणूस धक्क्यावर फोरमन होता. आम्ही त्याला साहेब म्हणायचो. त्याला कोणी इंग्रज म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. "नो इंग्लिश! स्कॉटिश!" आम्हाला काही फरक कळेना. शेवटी मामूंनी सोडवणूक केली. म्हणाले, "आपण मुंबईहून बोटीने आलो म्हणून कोणी आपल्याला मुंबईचे म्हटलं तर कसं वाटेल? तसं आहे ते." मग सगळ्यांना चटकन समजलं आणि साहेबाबद्दल थोडं प्रेमही वाटायला लागलं.

मामूंना सगळी टोळी मामूच म्हणायची, म्हणून साहेबाला वाटलं की मामू हा हुद्दा आहे. दुसऱ्या क्रेनवरच्या पठाण मुकादमालाही तो "गुड मॉर्निंग, मामू" म्हणू लागला. पठाणाने कधी हरकत घेतली नाही.

साहेबाची कहाणी आम्हाला तोंडपाठ होती. कोळशाच्या खाणींच्या गावात जन्म, सोळाव्या वर्षी गावच्या क्लबात डिफेंडर, मग एका बऱ्या क्लबात चांगली सात-आठ वर्षं. मग गुडघा गेला. डॉक्टरने तो दोनदा उघडून पाहिला आणि दोन्ही वेळा जसा होता तसा बंद केला. खलास. साहेबाला त्यानंतर मॅनेजर व्हायचं होतं. मॅनेजर म्हणजे काचेच्या खोलीत बसतो तो नव्हे. फुटबॉलच्या क्लबाचा मॅनेजर म्हणजे टीम निवडणारा, शिकवणारा, मैदानाबाहेर उभा राहून घसा फोडणारा, आणि हरल्यावर सगळ्यांच्या शिव्या खाणारा. शिव्यांचा भाग सांगताना तर साहेबाचे डोळे चमकायचे. पण कधी टीम चालवली नसलेल्या माणसाच्या हाती क्लब कोण देणार? म्हातारी आई घरी एकटी ठेवून तो वाळवंटात लोखंड मोजायला आला होता.

एका शुक्रवारी दुपारी आम्ही धक्क्याशेजारच्या वाळूत हुतूतू खेळत होतो. चढाईला आलेल्या गड्याभोवती आम्ही हातात हात घालून साखळी केली आणि त्याला असा दाबला की त्याचा दम तिथेच सुटला. मागून कोणीतरी ओरडलं. साहेब होता. डोक्यावरची टोपी हातात, तोंड उघडं. "ही चार माणसं!" तो माझ्याकडे आणि माझ्या बाजूच्या तिघांकडे बोट दाखवत इंग्रजीत म्हणाला. "ही चार माणसं मला पाहिजेत!"

आम्हाला वाटलं आता नोकरी गेली. तर त्याने दुसऱ्या दिवशी चेंडू आणला.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते हसतच. गोलचे खांब म्हणजे फुटलेल्या गलबताच्या डोलकाठ्या. जाळं मासेमारीचं, त्यामुळे आमचा गोलकीपर तंबूवर गेला की मांजरं मागे लागायची. गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल वाळूत ओतून रेघा आखलेल्या. खाडीला भरती आली की मैदानाचा एक कोपरा पाण्यात जायचा आणि तिथला झेंडा एकटाच लाटांत उभा राहायचा.

पहिली मोठी अडचण मात्र मामूंनी काढली. त्यांनी हाफ पँट पाहिली आणि हातातली तसबीह, म्हणजे जपमाळ, खिशात घातली. ते बोलायला सज्ज झाले की असं करायचे.

"गुडघे झाक आधी."

"मामू, फुटबॉल आहे तो."

"फुटबॉल असो नाहीतर शादी असो, मुसलमानाचा गुडघा झाकलेला पाहिजे. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

मी घाबरत घाबरत साहेबाला सांगितलं. त्याने आपल्या दुखऱ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "तुझे मामू बरोबर बोलतात. मी लहानपणीच माझा झाकला असता तर?" आणि त्याने गुडघ्याच्या चांगल्या खाली जाणाऱ्या अकरा पँटी शिवून घेतल्या. कापड मिळालं ते शिडाचं. आम्ही चाललो की फडफड आवाज यायचा, आणि जोराचा वारा सुटला की पँटीत हवा भरून माणूस नको त्या दिशेला निघायचा. मी डावीकडचा डिफेंडर. वाऱ्याच्या दिवशी कितीदा तरी मी उजवीकडे सापडायचो.

आता साहेबाचा लाडका डाव सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. फुटबॉलमध्ये ऑफसाइड म्हणून एक नियम आहे. समोरच्याने पास द्यायला चेंडू मारला त्या क्षणी, चेंडू घ्यायला पुढे पळणाऱ्या त्याच्या जोडीदाराच्या आणि आपल्या गोलच्या मध्ये आपले, गोलकीपर धरून, दोन तरी गडी असावे लागतात. नसले तर त्या जोडीदाराचं पळणं फुकट, शिट्टी वाजते. म्हणून चार डिफेंडरनी अगदी त्या क्षणी एकदम पुढे सरकायचं. तो बिचारा मागे एकटा उरतो आणि फसतो. चौघे एकदम सरकले तर मजा. एकजण जरी मागे राहिला तर चौघांचीही फजिती.

साहेब ओरडायचा, "अप!" मी तो शब्द मनात ऐकायचो, त्याचा अर्थ लावायचो, मग माझ्या बाजूचा गडी सरकला का बघायचो, आणि तोवर चेंडू मासळीच्या जाळ्यात. "टुगेदर!" साहेब केस ओढायचा. "एक साथ! यल्ला!" आम्ही चौघे चार वेळी सरकायचो.

मग एका कामाच्या दिवशी संध्याकाळी तो धक्क्यावर उभा राहून मामूंची क्रेन बघत होता. आमच्या बंदरांवर ओझं वर घ्यायचं झालं की मुकादम ओरडतो "हाबेस!" आणि खाली सोडायचं झालं की "आरिया!" हे शब्द कुठले, कोणी आणले, कुणाला ठाऊक नाही. पण त्या हाकेवर दोरावरचे सगळे हात एकदम हलतात. कोणी विचार करत नाही, कारण विचार करत बसला त्याचं बोट जातं. आम्ही चौघेही नोकरीला लागल्यावर आधी दोरावरच काम केलेले. साहेब मैदानाकडे धावत आला, गुडघा विसरून, आणि आम्ही वाळूत बसून खजूर खात होतो तिथे येऊन ओरडला, "हाबेस!"

आम्ही चौघे उठून पुढे सरकलो. एकदम. खजूर तोंडात.

साहेबाने वाळूत चक्क लोळण घेतली. त्या दिवसापासून पुढे सरकायला हाबेस, मागे यायला आरिया. आमच्या भाषेतले हे दोनच शब्द त्याला आले, पण ते त्याने असे वापरले की खाडीपलीकडच्या टीमा आमच्याशी खेळायला घाबरू लागल्या. आम्ही त्याला "मॅनेजर साहेब" म्हणू लागलो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो तोंड फिरवून बराच वेळ बुटाची लेस बांधत बसला.

आणि मग तो चीफ इंजिनियर आला.

खाडीबाहेर नांगरलेल्या एका मालवाहू बोटीवरचा हा साठीचा माणूस साहेबाच्याच गावचा निघाला. त्याचा सख्खा भाऊ त्या गावच्या क्लबाचा अध्यक्ष, आणि क्लबाला नवा मॅनेजर हवा होता! कॅन्टीनमध्ये साहेबाने हे मला सांगितलं तेव्हा चहात त्याने तीनदा साखर घातली. शुक्रवारी इंग्रज कारकुनांच्या टीमशी आमचा सामना होता, तो बघायला चीफ येणार होता. त्याला टीम पसंत पडली तर तो भावाला सांगणार, आणि साहेब घरी जाणार. आईकडे, आपल्या गावाला, खराखुरा मॅनेजर म्हणून.

"इन्शाल्ला," मी म्हणालो. मग लक्षात आलं. आम्ही चांगले खेळलो तर आमचा माणूस जाणार होता. वाईट खेळलो तर राहणार होता. असल्या सामन्याला माणसाने काय दुवा मागावी?

शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर सामना सुरू झाला. काठावर खलाशी, हमाल, इराणी भटारखान्याची माणसं, सगळी दाटी. चीफ एका उलट्या पिंपावर पाय सोडून बसलेला. वारा असा की आमच्या अकरा पँटी सुरुवातीच्या शिट्टीआधीच फुगल्या. चीफने त्या पाहिल्या आणि हसून डोळे पुसले. तेवढ्यात शेजारच्या धक्क्यावर क्रेन सुरू झाली.

शुक्रवारी क्रेन बंद असायची. आमचा सगळा सराव शुक्रवारचाच. पण आदल्या दिवशी सिमेंटचं एक गलबत उशिरा आलं होतं आणि ओहोटीआधी ते रिकामं करायलाच हवं होतं. तो हुकूम दिला होता कोणी? फोरमनने. म्हणजे साहेबाने. धक्क्याला लागून मैदान आणि मैदानात धक्क्याच्याच हाका. मॅनेजरच्या आनंदात फोरमन हे साफ विसरला होता.

"हाबेस!" मामूंचा आवाज आला. सिमेंटची झोळी गलबतातून वर उठली आणि आम्ही चौघे सुसाट पुढे. चेंडू कुठे होता? आमच्या गोलकीपरच्या हातात. "आरिया!" झोळी धक्क्यावर उतरली आणि आम्ही चौघे मागे, आपल्याच गोलकीपरला धडकून. इंग्रज टीम थांबून बघत राहिली. त्यांना वाटलं ही काही नवी पद्धत असेल. पुन्हा हाबेस, पुन्हा आम्ही पुढे. साहेब बाहेरून किंचाळत होता, "नॉट यू! द क्रेन! द क्रेन!" पण आमच्या पायांना क्रेन आणि फुटबॉल यांतला फरक त्यानेच तर विसरायला लावला होता. त्यांचा एक पुढचा गडी नुसता चेंडू घेऊन चालत आला, कारण आम्ही चौघे सिमेंटबरोबर वर गेलो होतो, आणि त्याने चालतच गोल केला. मग अजून एक. प्रेक्षक पोट धरून हसत होते. आणि खरं सांगतो, मीही हसत होतो. धावताना इतकं हसल्यावर छातीत कळ येते, ती येत होती.

मध्यंतराला मात्र साहेबाकडे पाहिलं आणि हसू गेलं. तो फोरमन होता, एका शब्दात क्रेन थांबवू शकला असता. पण ओहोटी कोणासाठी थांबत नाही, आणि पाणी उतरल्यावर गलबत कलंडून ते सिमेंट भिजलं असतं. तो गुडघ्यावर हात ठेवून वाळूकडे बघत उभा राहिला. चीफकडे त्याने पाहिलंच नाही.

मी धक्क्यावर धावलो.

"मामू, हा सामना चांगला गेला तर साहेब घरी जाणार आहे. त्याला तिकडे टीम मिळणार. ते पिंपावर बसलेत ना, ते ठरवणार."

मामूंनी तसबीह खिशात घातली. "त्याची आई आहे का?"

"आहे. एकटी आहे."

मामूंनी क्रेनच्या ड्रायव्हरला हाताने थांबायची खूण केली. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, ते इथे असतानाच गेली होती. तार पोचली तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. याबद्दल ते कधी बोलत नसत.

"हाबेस कधी म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"त्यांचा माणूस पास द्यायला पाय उचलेल तेव्हा."

"आणि आरिया?"

"चेंडू त्यांच्याकडे असेल आणि पास द्यायचा विचार नसेल तेव्हा."

"हे तर सोपं आहे," मामू म्हणाले. "उगाच एवढे महिने बोंबलत होता तो."

दुसऱ्या अर्ध्यात जे घडलं ते मी आज दुबईतल्याच डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटमध्ये बसून माझ्या नातवाला सांगतो, तेव्हा तो टीव्हीवरची मॅच बंद न करता म्हणतो, "दादा, नोबडी प्लेज लाइक दॅट." बरोबर आहे त्याचं. तसं कोणीच कधी खेळलं नाही. सिमेंटची उरलेली शेवटची झोळी हवेत लोंबकळत ठेवून मामू कमरेवर हात देऊन सामना बघत उभे. क्रेनचा ड्रायव्हर वरून विचारतोय, "मामू, सोडू का?" आणि मामू त्याला हातानेच गप्प करतायत. इंग्रजांच्या माणसाचा पाय उचलला गेला की "हाबेस!" झोळी अजून वर, आम्ही चौघे पुढे, त्यांचे दोन गडी मागे एकटे, शिट्टी! पुन्हा. पुन्हा. इंग्रज टीमचा कॅप्टन रेफरीशी भांडायला लागला. रेफरी होता एक इंग्रज डॉक्टर. तो म्हणाला, क्रेनविरुद्ध फुटबॉलच्या पुस्तकात नियम नाही.

आमचा पहिला गोल वाऱ्याने केला, असं मी म्हणतो. आमच्या पुढच्या गड्याच्या पँटीत हवा भरली आणि तो इतक्या वेगाने गेला की त्यालाच थांबता येईना, तो चेंडूसकट जाळ्यात. दुसरा गोल त्यांच्याच डिफेंडरने स्वतःच्या जाळ्यात मारला. बिचारा डोकं धरून खाली बसला. तर आमचा साहेब लंगडत मैदानात घुसला, त्याला उठवून मिठी मारली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलला. काय बोलला असेल ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

दोन-दोन. डॉक्टर घड्याळ बघायला लागला. गलबत रिकामं झालं होतं, क्रेनचा आकडा मोकळा. आणि त्यांचा सगळ्यात चपळ गडी माझ्या बाजूने पुढे निघाला. पास द्यायला त्यांच्या कॅप्टनने पाय उचलला.

मला ठाऊक होतं आता काय ऐकू येणार. आणि मला हेही ठाऊक होतं की मी एकटा जागेवर राहिलो तर पुरे आहे. डाव फसेल, गोल होईल, चीफ खांदे उडवून बोटीवर जाईल, आणि उद्या सकाळी साहेब कॅन्टीनमध्ये टेबलावर थाप मारेल. मी ठरवलंच होतं. पाय हलवायचा नाही.

"हाबेस!" मोकळ्या आकड्याखाली उभे राहून मामू ओरडले.

पाय हलला. चौघांचे आठही पाय हलले. शिट्टी वाजली, सामना संपला आणि खलाशांनी आम्हाला उचललं.

चीफ पिंपावरून उतरून आला. हसून हसून त्याचा चेहरा ओला झाला होता. "या टीमचा मॅनेजर कोण?" त्याने विचारलं. साहेबाने स्वतःकडे बोट दाखवलं. मग जरा विचार करून क्रेनकडेही दाखवलं. चीफने त्याचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

साहेबाला न्यायला आगबोट आली तेव्हा थंडी सुरू झाली होती. खाडीतून लाँच त्याला बाहेर बोटीपर्यंत नेणार होती. त्याची पेटी मामूंनी स्वतः क्रेनने लाँचमध्ये उतरवली. पेटी हलकी होती, क्रेनची काही गरज नव्हती. "आरिया," मामू अगदी हळू म्हणाले, आणि पेटी टेकली. मग साहेबाचा हात दाबून म्हणाले, "आई को सलाम बोलना." साहेबाला किती समजलं कोण जाणे, पण त्याने मान हलवली आणि "थँक यू, मामू" म्हणाला. या वेळी तो शब्द हुद्दा म्हणून म्हणाला नाही, असं मला वाटलं.

आम्ही अकराजण पाण्याच्या कडेला ओळीत उभे होतो. सगळ्यांनी शिडाच्या पँटी घातल्या होत्या, मी ईदचे नवे बूटही. लाँच सुटली. साहेब मागच्या टोकाला उभा राहिला. आधी त्याने हात हलवला, मग दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला, "हाबेस!"

आम्ही सगळे एकदम पुढे सरकलो, गुडघाभर पाण्यात.

तो हसताना दिसत होता. आम्हीही हसत होतो, फुगलेल्या पँटी पाण्यावर तरंगत होत्या, माझ्या बुटांत खाडी शिरली होती. लाँच वळली, लहान झाली, दिसेनाशी झाली. मागून मामूंनी हाक मारली, चला, कामाची वेळ झाली. पण कोणी हललं नाही. त्याने अजून आरिया म्हटलं नव्हतं.